पिवळी मारबत: अकरावीच्या चित्रकलेसाठी एक पूर्ण चित्र (प्रकल्प नोंदी)

७ जुलै २०२५, सोमवार

आज मॅडमनी सत्राचं मोठं काम सांगितलं. 'आपल्या शहरातला उत्सव' या विषयावर प्रत्येकानं एक पूर्ण चित्र करायचं. कागद हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच. माध्यम जलरंग किंवा पोस्टर कलर. चित्र वर्षअखेरच्या पोर्टफोलिओत जाणार आणि ते कसं होत गेलं याच्या तारीखवार नोंदी सोबत द्यायच्या. मॅडम म्हणाल्या, "वर्गात तुमची चित्रं तास संपला म्हणून थांबतात. हे चित्र दारातून पाहिलं तरी कळलं पाहिजे, आणि जवळ गेल्यावरही त्यात पाहण्यासारखं काही उरलं पाहिजे."

अर्ध्या वर्गानं गणपती घेतला. एकीनं दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन घेतला, एकानं पोद्दारेश्वर राम मंदिरातून निघणारी रामनवमीची शोभायात्रा. मी मारबत घेतली, आणि तीही पिवळी.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघी इतवारी या जुन्या बाजारभागात समोरासमोर येतात, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि लोक ओरडत असतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" वर्षभराची रोगराई, भांडणं, महागाई सगळी तिच्यासोबत गावाबाहेर घालवायची आणि शेवटी तिचं दहन करायचं. काळ्या मारबतीला भोसले घराण्यातल्या बांकाबाईची, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केल्याची गोष्ट जोडतात. पिवळीकडे मात्र बाया लेकरांना घेऊन जातात, लेकराला आजार होऊ नये म्हणून तिच्या पाया पडतात. जिला जाळायचं तिच्याच पाया पडायचं, हे मला लहानपणापासून फार खोल वाटत आलंय. म्हणून पिवळी.

१३ जुलै, रविवार

मामाचं घर इतवारीत, मिरवणुकीच्या वाटेवर आहे. पहिल्या मजल्याला लोखंडी कठड्याची अरुंद गॅलरी आहे. मारबतीच्या दिवशी खाली पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे चित्र इथूनच पाहायचं हे ठरलं. आज गल्ली रिकामी होती. बोर्ड मांडीवर घेऊन नुसती गल्ली काढली: समोरची जुनी घरं, लाकडी खांब, पत्र्याच्या उतरत्या छपऱ्या, दुकानांच्या पाट्या आणि वर तारांचं जाळं.

डोळ्यांची पातळी वर गेली की सगळं चित्रच बदलतं. रस्त्यावर उभं राहून काढलं असतं तर क्षितिजरेषा माणसांच्या डोळ्यांतून गेली असती, म्हणजे पुढे डोक्यांची भिंत आणि मारबत तिच्यामागे अर्धी झाकलेली. गॅलरीतून क्षितिजरेषा रस्त्यापासून पंधरा फूट वर येते. रेषेच्या वरच्या सगळ्या कडा, छपऱ्या आणि सज्जे, दूर जाताना खाली उतरतात. खालच्या कडा, ओटे आणि गटाराच्या फरश्या, वर चढतात. सगळ्या गल्लीच्या टोकाला एका बिंदूत मिळतात. तो बिंदू मी कागदाच्या मधोमध न ठेवता डावीकडे सरकवला, म्हणजे उजवीकडच्या घरांची भिंत मोठी मिळते. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

गर्दीसाठी एक सोपा हिशोब हाती लागला. डोळा पंधरा फुटांवर आणि माणूस साधारण पाच फुटांचा. मग माणूस जवळ असो की लांब, त्याच्या पायांपासून क्षितिजरेषेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या एक तृतीयांश उंचीवर त्याचं डोकं येणार. हे कळल्यावर गर्दीची भीती गेली. पाय कुठे टेकलेत ते ठरवलं की डोकं आपोआप सापडतं.

आजी आत शेंगा सोलत होती. म्हणाली, "रिकामी गल्ली काहून काढून राहिली वं? मारबत तं अजून महिन्यानं हाये." तिला सांगितलं की घर आधी बांधून ठेवलं की पाहुणा आल्यावर धावपळ होत नाही. तिला पटलं.

१९ जुलै, शनिवार

छोटी रेखाटनं, काडेपेटीएवढी, उभी आणि आडवी. आडव्या कागदात मिरवणूक छान लांबते, पण मारबत बुटकी होते. ती तर पहिल्या मजल्यापर्यंत पोचते. उभा कागद ठरला.

दुसरा निर्णय मुद्दाम लिहून ठेवते. मारबतीचे डोळे क्षितिजरेषेवर ठेवायचे. म्हणजे गॅलरीत उभं राहणाऱ्याच्या आणि तिच्या डोळ्यांची उंची एकच. पाहणाऱ्याला ती खालच्या गर्दीवरून थेट आपल्याकडे बघताना दिसेल. सगळे तिला खालून पाहतात. लेकराला खांद्यावर घेतल्यावर त्याला मात्र ती जवळजवळ अशी समोर दिसते.

२७ जुलै, रविवार

आजचा दिवस पिवळ्याचा. या चित्रात सगळ्यात अवघड काय, तर गर्दी नाही, तारा नाहीत, पिवळा रंग.

सगळ्या रंगांत पिवळा सगळ्यात फिकट. तो गडद करायला गेलं की पिवळा राहातच नाही. निळा कितीही गडद करा, निळाच राहतो. लाल गडद केला तर मरून होतो, तरी लालाच्याच घरातला वाटतो. पिवळ्याचं तसं नाही. मोबाइलवर हळदीच्या डबीचा आणि लेमन यलोच्या पट्टीचा फोटो काढून कृष्णधवल केला. लेमन यलो कागदापासून वेगळा ओळखू येईना. याचा अर्थ असा, की मारबतीच्या अंगाला गोलाई द्यायची तर सावली हवी, आणि सावली दिली की तिचा पिवळेपणा जाण्याची भीती.

उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापून तपासणी केली. सगळे पोस्टर कलर:

लेमन यलोमध्ये काळा: थेट शेवाळी हिरवा. काळा रंग पिवळ्याजवळ आला की निळसर वागतो. मारबतीच्या गालावर असा रंग आला तर ती आजारी दिसेल. काळा या चित्रात पिवळ्याच्या आसपास येणारच नाही.

लेमन यलोमध्ये जांभळा: जांभळा पिवळ्याच्या समोरचा रंग, त्यामुळे दोघं एकमेकांना विझवतात. ब्रशच्या टोकाएवढा घातला तर पिवळा शांत होतो, जरा जास्त झाला की मातकट राखाडी. फार गडद कोपऱ्यात थेंबभर उपयोगी.

यलो ऑकर: हा मुळात मातीचा रंग, लोहाचा गंज असलेली पिवळी माती. स्वभावानंच दबलेला. पिवळ्याची पहिली सावली म्हणून चोख.

ऑकरमध्ये बर्न्ट सिएना: भाजलेल्या मातीचा रंग. यानं सावली ऊबदार होते, तिच्यात तांबूसपणा येतो. हनुवटीखाली, काखेत, बोटांच्या फटीत हाच.

तर उजेडाकडून अंधाराकडे पायऱ्या अशा: लेमन यलोत पांढरा, नुसता लेमन, मीडियम यलो, ऑकर, ऑकर आणि बर्न्ट सिएना, आणि शेवटी त्यात कणभर जांभळा. पट्टी वाळवून वहीत चिकटवली. रंगवताना ती समोर राहील.

एवढं करूनही सगळ्यात गडद सावली काही फार गडद झालेली नाही, आणि होऊ द्यायचीही नाही. मग मारबत उठून दिसणार कशी? तिच्या अंगात जे करता येत नाही ते तिच्या मागं करावं लागेल. उजवीकडची भिंत मोठी घेतली ती यासाठीच.

३ ऑगस्ट, रविवार

चितार ओळीत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीत गेले. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर चितार ओळी चौक म्हणून स्टेशनच आहे, तिथून चालत. गणपतीचे दिवस जवळ आल्यानं दोन्ही बाजूंना मूर्तीच मूर्ती, रस्त्यावर ओल्या मातीचा वास. काही मूर्तींच्या सोंडा वाळायच्या होत्या, काहींना रंगाचा पहिला हात झाला होता. मला पाहायचं होतं की पीतांबराचा पिवळा हे लोक इतका लख्ख कसा काढतात.

एका कारखान्यात म्हातारे चितारी काका बसले होते. परवानगी घेऊन थोडा वेळ बसले. ते पिवळ्याच्या आधी पांढऱ्याचा हात देत होते, तोही फक्त जिथं पिवळा यायचा तिथं. विचारलं तर म्हणाले, "मातीवर पिवळा सरळ माराल तं मळका दिसते बाई. आधी पांढरा द्या लागते. पांढरा पूर्ण वाळू द्या, मंग पिवळा. अन् पिवळ्यावर लय हात नोका फिरवू."

हे कागदालाही तसंच लागू. पिवळ्या रंगाची झाकायची ताकद कमी असते, खालचं सगळं वर डोकावतं. मातीवर मातकट, राखाडीवर राखाडी. खाली पांढरा असेल तर उजेड पिवळ्यातून जाऊन पांढऱ्यावरून परत येतो, म्हणून तो आतून पेटल्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट पाहिली. डोळे सगळ्यात शेवटी. पूर्ण मूर्ती रंगून, दागिने होऊन, मग निवांतपणे डोळ्यांची आखणी. काका त्या वेळी कुणाशी बोलत नव्हते. मीही माझ्या चित्रात डोळे शेवटी काढणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

थिअरीच्या तासाला अजिंठा चालू आहे. मॅडमनी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व दाखवला. अजिंठ्याचे रंग मोजकेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा आणि निळ्यासाठी बाहेरून आलेला लाजवर्द हा निळा दगड. तरीही चेहरा उजळलेला वाटतो, कारण भोवतीची जागा गडद आणि गजबजलेली, आणि चेहऱ्यावर नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर नेमका उजेड ठेवलेला.

मग त्यांनी शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. तो पॅरिसच्या गोबेलां या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं रंग तपासला, रंगात दोष नव्हता. दोष शेजारच्या धाग्याचा होता. निळ्या-जांभळ्याच्या सोबतीत काळा मवाळ दिसत होता. १८३९ मध्ये त्यानं यावरचे सगळे नियम मांडले. रंग शेजाऱ्यावर ठरतो, हे त्यानं मोजून दाखवलं.

घरी येऊन पट्टीचा तोच लेमन यलो वेगवेगळ्या तुकड्यांवर ठेवून पाहिला. नारिंगीवर ठेवला तर हिरवट, पांढऱ्यावर फिका, आणि जांभळट राखाडीवर ठेवला तेव्हा एकदम उसळला. भिंतीचा रंग ठरला: अल्ट्रामरीन निळा, क्रिमझन लाल आणि दोन्हींना शांत करायला बर्न्ट सिएना. भरल्या आभाळाखालच्या जुन्या चुन्याच्या भिंतीचा खरा रंगही याच्या बराच जवळ असतो, त्यामुळे खोटं काही करावं लागणार नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

कागद ताणून घेतला. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, ३०० जीएसएमचा जाड कागद आणला होता. पाण्यात भिजवून, बोर्डवर अंथरून, चारी कडांना ओली डिंकाची कागदी पट्टी. भिजल्यावर कागद फुगतो आणि वाळताना आकसून ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. नंतर रंगाचं पाणी पडलं तरी लाटा येत नाहीत. पट्टीखाली चारी बाजूंना अर्धा अर्धा इंच जातो, म्हणून चित्र १४ बाय २१ इंचांचं. ऑगस्टच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. पंखा लावून रात्रभर आडवा ठेवला. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली पट्टी सुटते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. ब्रश धुऊन, वही, २बी आणि ६बी पेन्सिली, मोबाइलची बॅटरी, सगळं तयार. रात्री मामाकडे मुक्काम.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून गल्लीत आवाज. लहान पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन फिरत होती, तान्हा पोळा त्यांचाच. मग ढोल-ताशे ऐकू आले आणि गॅलरीत आमच्यासोबत अर्धी गल्ली येऊन उभी राहिली. बडगे आधी आले. तिरडीवर, हातगाडीवर, काही माणसांच्या खांद्यांवर. गळ्यात पाट्या, पाट्यांवर भ्रष्टाचार, महागाई, रस्त्यांचे खड्डे. लोक हसत होते आणि तळमळून ओरडतही होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

पिवळी आली तेव्हा आवाज बदलला. चित्रासाठी मला जे पाहायचं होतं ते सगळं काही मिनिटांत झालं, म्हणून फोटो मामेभावाला काढायला सांगून मी पेन्सिल सोडली नाही. वहीत जे उतरलं ते असं:

आभाळ पूर्ण भरलेलं. कडक ऊन नाही, त्यामुळे जमिनीवर धारदार सावल्या नाहीत. उजेड वरून, मऊ. कपाळ, नाकाचा वरचा भाग, खांदे उजळ. हनुवटीखाली सावली, पण कड नसलेली.

पिवळा अंगभर सारखा नाही. वर लिंबासारखा, खाली रस्त्याचा आणि गर्दीच्या कपड्यांचा रंग त्यावर पडून जरा तांबूस. घरी केलेली पट्टी इथं बरोबर निघाली, फक्त सावलीत सिएना मी धरला होता त्याहून कमी.

तारा. मारबत जवळ आली तसा एक माणूस पुढे लांब बांबू घेऊन चालत होता. लोंबणारी तार बांबूच्या टोकानं वर उचलायची, मूर्ती खालून निघाली की सोडायची, पुढच्या तारेकडे पळायचं. त्याचं लक्ष मारबतीकडे नव्हतंच, मान वर करून तो फक्त तारा बघत होता. त्याचा बांबू तिरपा, चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून थेट तिच्या चेहऱ्याकडे जाणारा.

आणि एक बाई. गर्दीच्या कडेला, ओट्यावर चढलेली, वर्षभराचं लेकरू दोन्ही हातांनी वर धरलेलं. लेकरू रडत होतं, आई हसत होती. मारबत समोरून जाईपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत. मी तिचे हातच काढले, चेहरा काढायला वेळ उरला नाही. चेहरा काढायचाही नाही. ती कुणाची तरी आई आहे, एवढं हातांवरून कळतं.

आजीनं खुर्चीत बसूनच हात जोडले. "ने वं बाई, खोकला खासी समदं ने," असं म्हणत होती.

२४ ऑगस्ट, रविवार

फोटो पाहिले आणि बाजूला ठेवले. फोटोत सगळंच सारख्या जोरानं आहे: पाट्या, झेंडे, मोबाइल वर धरलेले हात, गुलाल, प्लास्टिकची खुर्ची. चित्रात काय ठेवायचं ते वहीनं आधीच निवडून दिलं होतं. मारबत, बांबूवाला, आई-लेकरू. या तिघांना जोडला तर एक त्रिकोण होतो, आणि त्याचं वरचं टोक मारबतीचे डोळे. बाकी गर्दी म्हणजे छटांचे गठ्ठे.

पाट्यांवरची अक्षरं पूर्ण काढून टाकली. अक्षर दिसलं की डोळा आधी वाचायला धावतो.

७ बाय साडेदहा इंचांचा पक्का आराखडा केला. त्यावर अर्ध्या इंचाच्या चौकटी, मोठ्या कागदावर एका इंचाच्या, दोन्हीकडे १४ बाय २१. मग चौकटीमागून चौकट उतरवली. चौकटींच्या रेषा एचबीनं अगदी हलक्या. पिवळा जिथं यायचा तिथल्या रेषा खोडरबर दाबून उचलून घेतल्या, कारण शिसाची रेघ पिवळ्याखालून दिसत राहते.

२७ ऑगस्टला घरी गणपती बसले. दहा दिवस टेबल आरतीच्या तबकांना दिलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज रंग सुरू. पोस्टर कलर अपारदर्शक असल्यानं गडदाकडून उजेडाकडे जाता येतं. पण त्याचा एक स्वभाव सांभाळावा लागतो: वाळलेला थरही ओल्या ब्रशनं पुन्हा विरघळतो. म्हणून रंग साईसारखा घट्ट, ब्रशमध्ये पाणी कमी, आणि एका जागी एकच फटका.

आधी उजवीकडची भिंत. जांभळट राखाडी, वर आभाळाकडे किंचित निळी, खाली रस्त्याकडे तपकिरी. फ्लॅट ब्रशनं उभे हात. मग डावीकडची घरं, त्याच रंगात पांढरा घालून दूर जातील तशी फिकी करत नेली. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा: फिके रंग थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिके पडतात. त्यामुळे प्रत्येक रंग आधी पट्टीवर वाळवून मगच कागदावर. वेळ जातो, पण भिंत एकसंध झाली.

मारबतीची जागा अजून कोरी. तरी ती आत्ताच उठून दिसू लागली आहे, तिला रंग लागायच्या आधीच.

१३ सप्टेंबर, शनिवार

पिवळा. कागद पांढराच असला तरी कडांवर भिंतीचा रंग आत आला होता, तिथं आणि खांद्यांवर पांढऱ्याचा हात दिला, पूर्ण वाळू दिला. मग पट्टी समोर ठेवून मीडियम यलो आधी, त्यावर उजेडाकडे लेमन, सावलीकडे ऑकर. चितारी काकांचं वाक्य मनात होतं. एकदा टेकवलेला ब्रश परत तिथं नेला नाही. ऑकर आणि मीडियम यलोच्या सीमेवर दोन्ही ओले असतानाच एकदा ओढलं, तेवढ्यानं मऊ सावली मिळाली.

हनुवटीखाली सिएना ठरवल्यापेक्षा कमी, २३ तारखेला पाहिल्याप्रमाणे. काखेतल्या सगळ्यात खोल जागी जांभळा. तो तिथं वेगळा रंग म्हणून कळतही नाही, कारण मागच्या भिंतीतही तोच आहे.

संध्याकाळी बोर्ड भिंतीला टेकवून खोलीच्या दारातून, डोळे बारीक करून पाहिलं. डोळे बारीक केले की तपशील जातात आणि फक्त गडद-फिकं उरतं. भिंत एक, गर्दीची जागा दुसरी, आणि वर उजेडाचा एकच तुकडा. मॅडमनी सांगितलेलं दारातून कळणं, ते आलं.

१४ सप्टेंबर, रविवार

गर्दी. मागची डोकी म्हणजे गडद तपकिरीचे ठिपके, मधून टोप्या, पदर, एखादी छत्री. मधल्या रांगेत खांदे आणि वर केलेले हात. पुढच्या रांगेतच माणूस माणूस म्हणून दिसतो, तोही पाठमोरा किंवा तिरपा. एक तृतीयांशाचा हिशोब शेवटपर्यंत कामाला आला. कुणी जमिनीत रुतलेला नाही, कुणी तरंगत नाही.

कपड्यांत शुद्ध पिवळा कुठेच नाही. खरं तर त्या दिवशी कितीतरी जण पिवळ्या कपड्यांत होते. ते सगळे ऑकर आणि मळकट पांढऱ्यात नेले. पिवळा या चित्रात एकाच ठिकाणी पूर्ण आवाजात बोलेल.

आई-लेकराच्या हातांना मात्र ६ नंबरचा राउंड ब्रश, सावकाश. लेकराच्या कपाळावर आणि तळहातावर पिवळ्याचा अगदी पुसट उजेड ठेवला. ढगाळ दिवशी एवढं प्रतिबिंब पडत नाही. तरी मी ठेवलं, कारण आजीसारख्या बाया ज्यासाठी हात जोडतात ते दाखवायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना दाखवलं. मधल्या रांगेतल्या लाल छत्रीवर त्यांनी बोट ठेवलं आणि चित्र लांब धरलं. बोटानं छत्री झाकली की नजर सरळ वर जाते. बोट काढलं की छत्रीवर अडखळते. छत्रीत राखाडी मिसळून ती विटकरी केली.

बांबूवाल्याबद्दल त्या म्हणाल्या, "याला काढून टाकलंस तर चित्र अजून शांत होईल." मी विचार केला आणि तो ठेवला. मिरवणुकीत सगळे ओरडत, नाचत असताना एक माणूस फक्त तार बघतोय म्हणून ती मूर्ती पुढे जाऊ शकते. त्याला काढलं तर मारबत आपोआप तरंगत आल्यासारखी वाटेल. आणि तो बांबूच नजरेला चेहऱ्याकडे घेऊन जातो. मॅडमना मी एवढं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ठेव मग. पण त्याची मान अजून वर कर." केली. तेवढ्या एका बदलानं तो माणूस जिवंत झाला.

रात्री, घरातले झोपल्यावर, डोळे. पांढऱ्याचा हात, वाळल्यावर बाहुली, मग वरच्या पापणीची गडद तपकिरी रेघ, अखंड. बाहुली अगदी मध्ये, म्हणजे ती कुठेही न बघता समोरच बघते.

२१ सप्टेंबर, रविवार

डिंकाची पट्टी कापून कागद बोर्डवरून सोडवला. आधी दोन समोरासमोरच्या कडा, मग उरलेल्या दोन, म्हणजे ताण एका बाजूनं सुटत नाही. माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवती लावायचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, काळा नाही घेतला. काळ्यात पिवळा झगमगतो पण भिंतीचा जांभळट राखाडी मरतो. फिका राखाडी घेतला. खिडकी पावणेचौदा बाय पावणेएकवीस इंच, तीन बाजूंना तीन इंच पट्टा आणि खाली साडेतीन. खालचा पट्टा सारखाच ठेवला तर टांगल्यावर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. सही उजवीकडे खाली, भिंतीच्याच रंगाची एक पायरी फिकी करून.

मागे लावायची चिठ्ठी लिहिली: पिवळी मारबत, इतवारी, नागपूर. कागदावर पोस्टर कलर, १४ बाय २१ इंच, २०२५. खाली दोन ओळींत १८८१ आणि १८८५ ही सालं आणि मिरवणूक कधी, कशासाठी निघते ते. शाळेतली बरीच मुलं बाहेरगावहून आलेली आहेत, त्यांना हे चित्रासोबतच वाचायला मिळायला हवं.

उद्या चित्र आणि या नोंदी जमा करणार. काळ्या मारबतीची रेखाटनं वहीत आहेत. तिच्यासाठी काळ्याच्या पट्ट्या कराव्या लागतील: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरीचा, आणि बाटलीतला तयार. मागची भिंत या वेळी फिकी लागेल, त्यामुळे गल्लीची डावी बाजू मोठी घेऊन पुन्हा काढायची. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले की तिथूनच सुरुवात.